जायबंदी सावज : क्लबच्या शिकारकथेतील निवेदन आणि मौन

शिकारकथेकडे पाहण्याच्या दोन रीती समीक्षेत आता चांगल्याच रुळल्या आहेत. एक रीत वसाहतवादाच्या इतिहासाची आहे. जॉन मॅकेन्झी यांच्या 1988 च्या ‘द एम्पायर ऑफ नेचर’ या ग्रंथानंतर शिकारीचे वर्णन म्हणजे साम्राज्यसत्तेचा विधी, आणि भिंतीवरचे शिंग म्हणजे जिंकलेल्या मुलखाचे चिन्ह, हे वाचन विद्यापीठीय अभ्यासात प्रस्थापित झाले. दुसरी रीत वन्यजीवसंरक्षणाच्या इतिहासाची. तिच्या दृष्टीने शिकारी हा संरक्षकाचा पूर्वज ठरतो; त्याच्या टिपणवह्या या निसर्गशास्त्राची साधनसामग्री ठरतात. दोन्ही वाचने आपापल्या जागी खरी आहेत आणि दोन्हींना भरपूर पुरावा मिळतो. परंतु शिकारकथा ही मुळात एक कथा आहे, तिला निवेदक आहे, अभिप्रेत वाचक आहे, काय सांगावे आणि काय गाळावे याचे काटेकोर संकेत आहेत, ही गोष्ट या दोन्ही रीतींत दुय्यम राहते. एकीला संहितेतून सत्ता काढून घ्यायची असते, दुसरीला माहिती. संहिता स्वतः काय करते, हा प्रश्न मागे उरतो.

हा प्रश्न नेमकेपणाने विचारायचा तर शिकारकथेच्या सर्व प्रकारांपैकी क्लबची शिकारकथा निवडणे सोयीचे आहे; कारण तिथे वाङ्मयीन संकेत लेखी नियमांच्या रूपातच सापडतात. अमेरिकेतील ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ची स्थापना थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने 1887 मध्ये न्यूयॉर्कला झाली. जॉर्ज बर्ड ग्रिनेल हे त्यांचे प्रमुख सहकारी; ते ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाचे संपादक होते आणि 1886 मध्ये त्यांनी पक्षिरक्षणासाठी ऑडुबॉन सोसायटी काढली होती. क्लबच्या नियमित सभासदांची संख्या शंभरावर जाऊ द्यायची नाही असे ठरले. सभासदत्वाची अट विलक्षण होती : उमेदवाराने अमेरिकेतील मोठ्या जनावरांची रायफलने, आणि तीही ‘फेअर चेस’ने, म्हणजे न्याय्य पाठलागाने, शिकार केलेली असली पाहिजे. न्याय्य म्हणजे काय, याची व्याख्या घटनेने नकारात्मक पद्धतीने केली. सापळ्यात अडकलेले अस्वल, लांडगा किंवा कूगर मारणे, रात्री उजेडाने दिपवून मारणे, खोल बर्फात रुतलेले हरिण गाठणे, पोहत असलेल्या जनावरावर होडीतून गोळी घालणे, हे सारे या पाठलागात बसत नाही.

या अटीचा वाङ्मयीन अर्थ महत्त्वाचा आहे. जंगलात साक्षीदार नसतो. असलाच तर तो पगारी वाटाड्या असतो, आणि त्याची साक्ष क्लबात चालत नाही. मग पाठलाग न्याय्य होता हे ठरायचे कशावरून? सांगण्यावरून. म्हणजे शिकारीची नैतिकता प्रत्यक्ष कृतीत कितीही असो, तिचे अस्तित्व निवेदनात सिद्ध व्हावे लागते. अंतर किती होते, वारा कोणीकडून होता, जनावर सावध होते की बेसावध, पहिली गोळी कुठे लागली, दुसरी का झाडावी लागली, हे तपशील या कथेत वातावरणनिर्मितीसाठी येत नाहीत. ते पुरावा म्हणून येतात. वाचक हा त्या पुराव्याची छाननी करणारा समव्यवसायी आहे. सामान्य वाचकाला कंटाळवाणी वाटणारी ही तपशिलांची रांग क्लबच्या वाचकाला रहस्यकथेइतकी उत्कंठावर्धक वाटते, कारण त्यातल्या कोणत्याही एका वाक्याने निवेदकाची पत जाऊ शकते.

क्लबने रूझवेल्ट आणि ग्रिनेल यांच्या संपादनाखाली सभासदांच्या लेखनाची पुस्तके काढली : 1893 मध्ये ‘अमेरिकन बिग-गेम हंटिंग’, 1895 मध्ये ‘हंटिंग इन मेनी लँड्स’, 1897 मध्ये ‘ट्रेल अँड कॅम्प-फायर’. यांतले दुसरे पुस्तक भारतीय वाचकाला विशेष लक्षणीय आहे. त्यात थिओडोर यांचे धाकटे बंधू एलियट रूझवेल्ट यांचा भारतातील शिकारीवरचा लेख आहे. एलियट 1880-81 च्या सुमारास भारतात आले होते आणि निजामाच्या मुलखात त्यांनी वाघाची शिकार केली होती. पुस्तक निघण्यापूर्वीच, 1894 मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या कन्या एलिनॉर रूझवेल्ट यांनी वडिलांची शिकारप्रवासातील पत्रे स्वतंत्र पुस्तकरूपाने संपादित केली. एकाच प्रवासाच्या या दोन संहिता, एक क्लबच्या ग्रंथात आणि दुसरी मुलीच्या संपादनात, वाचकवर्ग बदलला की मजकुराचे काय होते याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला आयतीच सामग्री पुरवतात.

पण ‘हंटिंग इन मेनी लँड्स’चे खरे वैशिष्ट्य त्याच्या बांधणीत आहे. त्याच बांधणीत भारत, पूर्व आफ्रिका, रशिया, तिबेट येथील शिकारवृत्तान्त आहेत. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षणासाठी 1894 मध्ये झालेल्या, क्लबने पाठपुरावा केलेल्या कायद्यासंबंधीचा मजकूर आहे. आणि एका प्रदर्शनात मांडलेल्या शिंगांची व मस्तकांची मोजमापे आहेत. कथा, कायदा आणि कोष्टक हे तीन लेखनप्रकार एका मुखपृष्ठाखाली नांदतात. संपादकांना यात काही विसंगत वाटले नाही, आणि ते बरोबरच होते. कारण क्लबच्या दृष्टीने ते एकाच विधानाचे तीन प्रकार होते. कोणी मारावे, कसे मारावे आणि मारलेले कितीचे, हे ते विधान. कथा ‘कसे’ सांगते, कोष्टक ‘किती’ सांगते. ‘कोणी’ हे मात्र कायदा सांगतो, आणि तो ते उघडपणे सांगत नाही.

न्याय्य पाठलागाने वर्ज्य ठरवलेल्या पद्धती कोणाच्या होत्या, हे पाहिले की ही गोष्ट लक्षात येते. सापळा, उजेड, बर्फातला पाठलाग या बाजारासाठी मारणाऱ्यांच्या, गरीब वसाहतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या रीती होत्या. बाजारासाठी होणारा संहार भयंकर होता, गव्याच्या जातीचा बायसन त्याने जवळजवळ नामशेष केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. क्लबच्या सभासदांनी त्याविरुद्ध केलेले काम खरे आहे. तरीही पोटासाठी मारणे हलके आणि खेळासाठी मारणे उच्च, ही प्रतवारी त्याच व्याख्येतून जन्मली. मराठी वाचकाला याचे प्रतिबिंब दूर शोधावे लागत नाही. ‘पारध’ हा शब्द एका जमातीच्या नावात आहे, आणि तिच्यातल्या एका शाखेच्या नावात तर तिचे साधनच आहे : फासेपारधी. फास हे साधन कोणत्याही क्लबच्या व्याख्येत अन्याय्यच ठरणार. गुन्हेगार जमातींसंबंधीच्या, 1871 पासून सुरू झालेल्या कायद्यांच्या मालिकेत पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का पुसला गेला असे कोणी म्हणणार नाही. त्याच काळात मध्य भारताच्या डोंगररांगांत हिंडणाऱ्या साहेबांचे शिकारवृत्तान्त लंडनला छापले जात होते. जेम्स फॉर्साइथ यांचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ 1871 चेच. सातपुड्याचे इतके जिवंत वर्णन त्या काळच्या इंग्रजी गद्यात क्वचितच सापडेल. त्याच सालाचा तो कायदा त्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचायला हवा, एवढेच.

न्याय्य पाठलागाचा संकेत कोणाचे रक्षण करतो, हे दाखवणारी सर्वांत प्रसिद्ध घटना 1902 च्या नोव्हेंबरातली आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात ऑनवर्ड या ठिकाणाजवळ अस्वलाच्या शिकारीला गेले होते. वाटाड्या होता होल्ट कोलियर. जन्माने गुलाम असलेला, अस्वलांचा त्या भागातला नामांकित शिकारी. त्याच्या कुत्र्यांनी अस्वल काढले तेव्हा राष्ट्राध्यक्ष जागा सोडून शिबिराकडे परतले होते. अस्वलाने एक कुत्रा मारला. कोलियरने बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा देऊन त्याला लोळवले, दोरी टाकून झाडाशी बांधले आणि पाहुण्यांना निरोप धाडला. रूझवेल्ट आले. बांधलेल्या जनावरावर गोळी घालायला त्यांनी नकार दिला. दोन दिवसांनी, 16 नोव्हेंबरला, ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र आले आणि त्या चित्रातून पुढे ‘टेडी बेअर’ हे खेळणे जन्माला आले.

जगभरच्या मुलांना ठाऊक असलेली गोष्ट इथे थांबते. प्रत्यक्ष घटना थांबली नव्हती. अस्वल जखमी होते. रूझवेल्ट यांनी त्याच्या यातना संपवायला सांगितले आणि ते सुऱ्याने मारण्यात आले. हा शेवट लपवलेला नाही, तो इतिहासकारांनी नोंदवलेला आहे. पण कथेने तो आत घेतला नाही, कारण कथेला त्याची गरजच नव्हती. कथेचा नायक गोळी झाडत नाही, इथे तिचा परमोत्कर्ष आहे. त्यानंतर अस्वलाचे काय झाले हे शिकारीच्या संकेतव्यूहात अर्थशून्य आहे. सुऱ्याने मेलेले अस्वल कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. नियमाने वाचवली ती निवेदकाची पत. अस्वलाचा त्या नियमाशी संबंध एवढाच, की त्याला गोळीऐवजी सुरा मिळाला.

आणि कोलियर? दिवसभरातली खरी शिकार त्याने केली होती. कौशल्य त्याचे, धोका त्याचा, नुकसानही त्याचे. लोकप्रिय गोष्टीत तो गळून गेला. पुढे 1907 मध्ये लुइझियानातल्या वेळूच्या बनांत अस्वलांची शिकार झाली तेव्हा कोलियर पुन्हा बरोबर होता, आणि त्या शिकारीवरच्या लेखात रूझवेल्ट यांनी त्याचा नावानिशी, मोकळ्या मनाने गौरव केला आहे. त्यामुळे हा केवळ वैयक्तिक अनुदारतेचा प्रश्न राहत नाही. लेखक उदार असतानाही प्रकाराचे व्याकरण बदलत नाही. वाटाड्याची स्तुती करता येते, त्याचा स्वभाव रंगवता येतो, त्याच्या तोंडी बोली घालता येते. कर्त्याची विभक्ती मात्र त्याला मिळत नाही. तो जनावर ‘दाखवतो’, हाकेवाले ते ‘काढतात’, आणि ‘मारतो’ एकटा निवेदक. भारतातल्या हाक्याच्या वर्णनांत तर शेकडो माणसे केवळ आवाज म्हणून येतात : ढोल, डबे, आरोळ्या. मचाणावरच्या माणसाला डोळे आहेत. खाली रानातून चालत येणाऱ्यांना फक्त कंठ. वाघ उलटला तर तो ज्यांच्यावर उलटणार त्यांच्या नजरेतून हाका सांगणारा प्रसंग या प्रकाराच्या इंग्रजी ग्रंथांत अपवादानेच सापडतो.

पक्ष्यांच्या शिकारीत ही कथा मुळातच उभी राहत नाही. मोठ्या जनावराला व्यक्तिमत्त्व असते. त्याचा माग काढावा लागतो, त्याची वाट पाहावी लागते, त्याला कधी कधी नावही मिळते. बदकांचा थवा हा कथेचा विषय होऊ शकत नाही. तो संख्येचा विषय होतो. ग्रिनेल यांच्या ‘अमेरिकन डक शूटिंग’ या 1901 च्या ग्रंथात म्हणूनच वृत्तान्तापेक्षा जातींची वर्णने आणि शिकारीच्या पद्धती यांनाच जागा अधिक आहे. भारतातले याचे टोकाचे उदाहरण दगडात कोरलेले आहे. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीवर संस्थानाच्या पाहुण्यांसाठी होणाऱ्या बदकशिकारींची नोंद करणारा शिलालेख आजही उभा आहे : तारीख, निमित्त, बंदुका, पक्षी. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत 39 बंदुका आणि 4,273 पक्षी. इथे माणसांची मोजणी ‘बंदुका’ म्हणून होते आणि जातीजातींची भिन्न पाखरे एकाच आकड्यात विरघळतात. मारणारा आणि मारलेला दोघेही नाहीसे झालेली ही शिकारकथा होय. उरले आहे फक्त कोष्टक. हीच पाणथळ पुढे राष्ट्रीय उद्यान झाली आणि 1985 मध्ये जागतिक वारसा ठरली. शिलालेखाच्या शेजारून आता दुर्बिणी घेतलेले लोक जातात.

कोष्टकाचा मोह मोठ्या शिकारीलाही सुटला नाही, हे रूझवेल्ट यांच्याच ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ने दाखवले. 1909-10 ची ती मोहीम स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने गोळा करण्याची होती. 1910 च्या त्या ग्रंथात निवेदक निसर्गवर्णनात रमतो, पक्ष्यांच्या हाका टिपतो. आणि मग यादी येते : थिओडोर 296, मुलगा कर्मिट 216, एकूण 512 जनावरे. प्रत्येक शिकार न्याय्य, प्रत्येकीचे कारण शास्त्रीय. पण पाचशे बारा न्याय्य कथा सांगता येत नाहीत; कथनाची क्षमता संपते तिथे बेरीज सुरू होते. 1932 पासून बून अँड क्रॉकेट क्लबनेच विक्रमी शिंगांच्या नोंदींचे ग्रंथ काढायला आरंभ केला, ही त्या वाटेवरची पुढची पायरी.

याच्या उलट, एका मेलेल्या पाखराची कथा कशी होऊ शकते याचे उदाहरण मुंबईचे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना 1883 ची. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. 1886 पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकाला शिकारी सभासदांनी मोठी रसद पुरवली. मारलेल्या जनावराचे माप, पोटात काय सापडले, रंगातला फरक, अशा त्या नोंदी. शिकारकथेतला पुरावा इथे शास्त्रातला पुरावा झाला. याच संस्थेच्या दारात एक मुलगा छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्याशी पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन गेला. ती कोणती, हे त्याला हवे होते. सालिम अली यांच्या 1985 च्या आत्मचरित्राचे शीर्षक त्या पाडलेल्या चिमणीवरून आले आहे. भरतपूरच्या दगडावरच्या हजारोंपैकी एकाही पक्ष्याला जे मिळाले नाही ते या एकीला मिळाले, कारण तिच्याबाबत ‘किती’ऐवजी ‘कोणती’ हा प्रश्न विचारला गेला.

कथा आणि कोष्टक या दोहोंतूनही जे सातत्याने निसटते ते म्हणजे जायबंदी जनावर. क्लबची शिस्त या बाबतीत कडक होती : जखमी सावजाचा पाठपुरावा करणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य, आणि दाट झाडीत जखमी वाघामागे जाणे हा शौर्याचा कळस. पण पाठपुरावा करूनही न सापडलेले जनावर कोणत्याच रकान्यात बसत नाही. ते मारलेले नाही, म्हणून मोजता येत नाही. त्याचा शेवट ठाऊक नाही, म्हणून सांगता येत नाही. शिकारकथेला शेवट लागतो आणि हे जनावर शेवट देत नाही. ते या वाङ्मयप्रकाराच्या सीमेबाहेर लंगडत निघून जाते.

भारतीय परंपरेतली मृगया नेमकी याच जनावराची कथा आहे, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. मनुस्मृतीने कामज व्यसनांच्या यादीत मृगयेला अग्रस्थान दिले, ते एक असो. पण आख्यानांत बाण लागल्यावर कथा सुरू होते. दशरथाचा शब्दवेधी बाण मुनिपुत्राला लागतो आणि त्याचे फळ वर्षांनंतर पुत्रवियोगाने मिळते. पांडूने मृगरूपातल्या किंदम ऋषीला विंधले, तो प्रसंग तर प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने असाधारण आहे. घायाळ मृग बोलतो. आणि तो राजाला मृग मारल्याबद्दल दोष देत नाही, मिथुनावस्थेत मारल्याबद्दल देतो. पांडू आपल्या बाजूने राजधर्माचे दाखले देतो. म्हणजे न्याय्य पाठलागाची चर्चा इथेही आहे, परंतु नियम कोण सांगतो? क्लबमध्ये तो मारणारा सांगतो, महाभारतात तो मरणारा सांगतो. कालिदासाने शाकुंतलात दुष्यंताचा बाण आश्रमाच्या सीमेवर थांबवला आणि दुसऱ्या अंकात सेनापतीकडून मृगयेची रीतसर स्तुती करवली. पण त्याच अंकाच्या आरंभी विदूषक आहे, सांधे धरलेला, पाल्याने कडवट झालेले पाणी आणि अवेळीचे भाजलेले मांस यांनी वैतागलेला, पारध्यांच्या गलबल्याने पहाटेच जागा झालेला. हाकेवाल्याची बाजू कोणी सांगितलीच असेल तर ती या विदूषकाने. तिला हशा मिळाला, पण ती रंगमंचावर आली खरी.

या पार्श्वभूमीवर जिम कॉर्बेट यांच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’चे वेगळेपण नीट दिसते. हे पुस्तक 1944 मध्ये मुंबईहून, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने, प्रथम काढले. त्याच्या लोकप्रियतेचे श्रेय सहसा थराराला दिले जाते. थरार आहेच, पण रचनेच्या अंगाने पाहता कॉर्बेट यांनी केलेली मोठी गोष्ट म्हणजे निसटलेल्या जायबंदी जनावरापासून कथेला आरंभ देणे. वाघ नरभक्षक का होतो, याचे त्यांचे उत्तर असे की दहांपैकी नऊ वेळा जखमेमुळे; आणि ती जखम निष्काळजीपणे झाडलेल्या गोळीची किंवा साळिंदराच्या काट्यांची असते. चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊं मिळून 436 माणसे मारल्याची नोंद आहे. 1907 मध्ये ती पडल्यावर कॉर्बेट यांना तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले, आणि ते जुन्या गोळीने तुटलेले होते. नेहमीच्या शिकारकथेत मेलेल्या जनावराजवळ टेप निघते. इथे निवेदक जबडा उघडून पाहतो आणि त्याला आधीची एक शिकारकथा सापडते, जी कोणी लिहिली नाही. तो अज्ञात शिकारी घरी गेला असेल. ‘वाघीण जखमी होऊन निसटली’ एवढे एखादे वाक्य त्याने मित्रांत उच्चारले असेल किंवा नसेल. त्या वाक्याचा उरलेला भाग 436 माणसांनी भोगला.

चंपावतच्या कथेत क्लबचे इतर संकेतही एकेक करून सैल होतात. कॉर्बेट आरंभीच दोन अटी घालतात : सरकारी बक्षिसे रद्द व्हावीत आणि इतर शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. इथपर्यंत ते क्लबच्या शिष्टाचारातलेच आहे. बक्षिसासाठी मारणारा म्हणवून घेणे त्यांना नको होते. पण हाक्याला माणसे हवी होती आणि तहसीलदाराने गावोगाव कळवले की विनापरवाना बंदुकांकडे काणाडोळा केला जाईल, शिवाय दारूगोळाही पुरवला जाईल. 298 माणसे जमली. 1878 च्या शस्त्र कायद्याने बंदूक हा मूठभरांचा अधिकार केला होता. त्या दिवशी घराघरांतल्या दडवलेल्या बंदुका उघड्यावर आल्या. हाकेवाले इथे नुसते ढोल वाजवणारे नाहीत. ते त्या वाघिणीने ज्यांची माणसे नेली ते लोक आहेत. आणि अखेरीस निवेदकाची काडतुसे संपतात, तो धावत जाऊन तहसीलदाराच्या हातची बंदूक घेतो आणि त्या उसन्या, भरवशाच्या नसलेल्या बंदुकीने शेवटची गोळी झाडतो. तीही नेम चुकून पंजाला लागते. इतका ओबडधोबड शेवट एखाद्या क्लब-ग्रंथात आला असता तर लेखकाची पत गेली असती. कॉर्बेट तो सांगतात, आणि त्यामुळेच तो विश्वसनीय होतो.

अर्थात कॉर्बेट यांना त्यांच्या काळाबाहेर काढता येणार नाही. त्यांचा पहाडी माणूस निष्ठावान, सोशीक, साहेबाच्या येण्याकडे डोळे लावून बसलेला असतो. तारणहाराचा साचा जागचा हललेला नाही. वसाहतवादी वाचनाला इथे पुष्कळ वाव आहे आणि ते वाचन व्हायलाच हवे. मात्र त्या वाचनाने तुटलेल्या सुळ्यांचा पुरावा बाजूला ठेवू नये. कारण शिकारीच्या सत्तेचा हिशेब शिकाऱ्यानेच मांडलेला असा दुसरा तपशील सहजी मिळणार नाही.

मराठीत क्लब नव्हता; शिकार होती. संस्थानिकांची होती, इनामदारांची होती, आणि गावच्या पारधीला जाऊन मटणाचे वाटे घालणाऱ्यांची होती. व्यंकटेश माडगूळकर यांच्या लेखनात या तिसऱ्या प्रकाराची ओळख पक्की आहे. स्वतः शिकारीची हौस असलेला हा लेखक पुढे बंदूक ठेवून वही-पेन्सिल घेऊन रानात बसू लागला, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यावर निसर्गप्रेमाचे शिक्कामोर्तब करून चर्चा बहुधा थांबते. वास्तविक विचारायचा प्रश्न निवेदनाचा आहे. बंदूक गेली तेव्हा कथेतून काय गेले आणि काय उरले? ‘नागझिरा’ वाचताना दिसते की शिकाऱ्याची जवळजवळ सगळी शिस्त शाबूत आहे : माग वाचणे, वाऱ्याची दिशा सांभाळणे, आडोसा धरणे, अंग न हलवता तासन्‌तास बसणे. गेला आहे तो शेवट. शिकारीची वाक्यरचना आहे, क्रियापद नाही. त्यामुळे दिवसामागून दिवस येतात, जनावर येते आणि जाते, आणि निवेदकाला त्याच्या जाण्याचे वर्णन करण्याची नवी भाषा शोधावी लागते. 1982 च्या ‘सत्तांतर’मध्ये तर पाहणारा माणूसच काढून टाकला आहे, वानरांच्या टोळ्यांतला संघर्ष, जखमा आणि मरण यांत कोणी नेम धरणारा नाही. तिथे जायबंदी जनावर कथेच्या मध्यभागी येऊन बसते, आणि त्याचे पुढे काय झाले हे लेखक सांगतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात क्रीडा म्हणून होणाऱ्या शिकारीचा वाङ्मयीन प्रांत जवळपास बंद झाला. पण प्रकार बंद झाला की त्याचे संकेत मरतातच असे नाही; ते बहुधा शेजारच्या प्रकारात राहायला जातात. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांच्या 1927 च्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’पासून कॅमेऱ्याने बंदुकीची जागा घेतली आणि तिचे क्रियापदही घेतले. मराठीत तर हे क्रियापद फारच सूचक आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी पाखरू टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो आणि अभ्यासक टिपण काढतो. आजच्या जंगलभ्रमणाच्या मराठी लेखनात ताडोबाच्या वाघाचे ‘दर्शन’ ज्या क्रमाने येते, म्हणजे पहाटेचा गारवा, वाटाड्याची कुजबुज, माकडाचा इशारा, ताणलेली शांतता, मग तो क्षण आणि शेवटी किती अंतरावरून आणि कितीदा याची मोजदाद, तो क्रम 1895 च्या सभासदाला अनोळखी वाटला नसता. वाघ मरत नाही, हा फरक लहान नाही. परंतु गाडी चालवणारा आणि पगमार्क दाखवणारा स्थानिक मुलगा त्या लेखनात अजून ‘आमचा गाइड’ या दोन शब्दांपुरताच असतो, आणि वाघ ज्या गुराख्याची गाय नेतो तो त्या गाडीच्या वाटेवर सहसा लागत नाही.